लुबना मॅडमचे सात सेकंद

चार जणांनी मिळून एक गाडी घ्यावी का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, जरूर घ्या. फक्त तिच्या इंजिनात तेल कुठलं घालायचं हे आधी ठरवून घ्या. आम्ही ते ठरवलं नव्हतं, आणि नऊ वर्षं त्यावाचून आमचं काही अडलंही नव्हतं.

आम्ही म्हणजे भांडगावजवळच्या एका माध्यमिक शाळेत नोकरीला असलेले आणि राहायला शिरूरला असलेले चौघं. मी मल्हारी दसगुडे, मराठी शिकवतो. सत्यजीत सर विज्ञान शिकवतात आणि शाळा सुटल्यावरही शिकवतच राहतात. हौसराव आप्पा शाळेचे हेडक्लार्क, पण मनानं कवठे येमाईच्या आपल्या शेतावर आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या संचालक मंडळावर. चौथ्या लुबना मॅडम, गणिताच्या. त्या मागच्या सीटवर डाव्या खिडकीला बसतात आणि न्हावरा येईपर्यंत काही बोलत नाहीत. न्हावऱ्यानंतर बोलतील असं वाटतं, पण तोवर आम्ही तिघं इतके रंगात आलेलो असतो की त्यांना जागा मिळत नाही. पारगावचा पूल, केडगाव, चौफुला, मग उजवीकडं वळून भांडगाव. रोज जाऊन येऊन शंभराच्या वर किलोमीटर होतात आणि तेवढीच मतं.

गाडी २००४ सालची, पेट्रोलवरची. रंग कागदावर रुपेरी, प्रत्यक्षात वसतिगृहातल्या भाताच्या पातेल्याचा. पण गुणी इतकी की पुलावर भर उन्हात तासभर रांग लागली तरी हिनं कधी तोंड फिरवलं नाही. मालक म्हणून कागदावर माझं एकट्याचं नाव आहे. तिथं नावाला एकच ओळ असते. चौघांची नावं कशी बसवायची हे विचारायला मी आरटीओत गेलो होतो, तर खिडकीतल्या माणसानं वर न बघता विचारलं, "गाडी आहे का पतसंस्था?" तेव्हापासून कागदावर सगळी गाडी माझी आणि गाडीत पाव हिस्सा माझा.

तेलपाणी सगळं मुजीब बघायचा. न्हावरा रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. मागच्या दिवाळीनंतर त्यानं ते बंद केलं आणि तो रांजणगावच्या एका कारखान्यात पर्मनंट झाला. जानेवारीत तेल बदलायची वेळ आली तेव्हा मी त्याला फोन केला.

"मुजीब, आमच्या गाडीत कुठलं तेल घालायचास रे?"

"जे असायचं ते, सर."

"आणि फिल्टर?"

"ते पन," तो म्हणाला आणि त्याची शिफ्ट सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी गाडीत सभा भरली. आप्पा पुढच्या सीटवर बसतात, कारण त्यांचे पाय लांब आहेत आणि रस्त्यातल्या प्रत्येक गावात त्यांना कुणाला तरी हात करायचा असतो. न्हावऱ्यात तीन हात करून झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या सोसायटीतलं तेल घालू. माझा ट्रॅक्टर बारा वर्सं त्याच्यावर हाय. कवा कुरकुर न्हाई."

"आप्पा, ही पेट्रोल गाडी आहे," सत्यजीत सर म्हणाले. "हिला फुल्ली सिंथेटिक पाहिजे. पाण्यासारखं पातळ. बाहेरच्या देशांत सगळे तेच घालतात."

"बाहेरच्या देशांत ट्रॅक्टर न्हाईत व्हय?"

मी मधलं काहीतरी सुचवलं. मी नेहमीच मधलं सुचवतो, त्यामुळं दोन्ही बाजूंचा माझ्यावर राग असतो. चौफुला आला तेव्हा मागच्या डाव्या खिडकीतून आवाज आला, "गाडीबरोबर पुस्तक आलं असेल ना? त्यात काय लिहिलंय?"

पुस्तक बघण्यात वादाला फारच कमी वाव होता. "पुस्तक पहिल्यापासूनच नव्हतं," मी म्हणालो. घरी गेल्यावर माझी बायको अनुपमा म्हणाली की पुस्तक होतं, मीच ते रद्दीत दिलं होतं, 'यात वाचण्यासारखं काही नाही' असं म्हणून. हे मी गाडीत परत सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी सभा पुन्हा कशाला बोलवायची?

तेल निवडायचं काम माझ्याकडं आलं, कारण कागदावर मालक मी. मी ते गांभीर्यानं घेतलं, आणि तिथंच चुकलं. गल्लीत नुसतं 'तेल बदलायचंय' म्हणालो तर शेजारचे एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले गृहस्थ चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले. त्यांचं म्हणणं, गाडी जुनी म्हणजे आतले भाग झिजलेले, तेव्हा जाड तेल घाला, म्हणजे फटी भरून निघतील. कोपऱ्यावरच्या पोरानं मोबाईलवर तीन व्हिडिओ दाखवून सिद्ध केलं की जाड तेल घालणं म्हणजे इंजिनाचा खून. पिठाच्या गिरणीच्या मुक्ताबाई म्हणाल्या, "तेल बदलूच नका, सर. जुनं तेल मशिनीला सरावलेलं असतंय. नव्याला पुन्यांदा वळण लावायचं म्हंजी ताप." गिरणीचं दळण घेऊन परत येताना मला हे सगळ्यात पटलं होतं.

दुकानात गेलो तर भिंतभर डबे. त्यांच्यावर पंधरा डब्ल्यू चाळीस, वीस डब्ल्यू पन्नास, पाच डब्ल्यू तीस असे आकडे. डब्ल्यू म्हणजे वजन असणार असं मी धरून चाललो होतो. दुकानदारानं सांगितलं की डब्ल्यू म्हणजे विंटर, गारठ्यात तेल किती पातळ राहतं त्याचा तो आकडा. मला अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न पडल्यासारखं झालं. 'उद्या येतो' म्हणून मी बाहेर पडलो.

मग सत्यजीत सरांनी शास्त्रीय मार्ग काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीन परीक्षानळ्यांत तीन तेलं घेतली. सायकलच्या बेअरिंगच्या गोळ्या आणल्या. गोळी तळाला जायला किती वेळ लागतो त्यावरून तेल किती जाड ते कळणार होतं. आप्पांनी आपल्या सोसायटीच्या तेलाची नळी ओळखू यावी म्हणून तिला कुंकवाचं बोट लावलं. नववी ब चा वर्ग बघायला आला. 'एक, दोन, तीन' म्हणून गोळ्या सोडल्या आणि घड्याळ कुणी लावायचं होतं यावर वाद सुरू झाला. तो मिटेपर्यंत तिन्ही गोळ्या तळाला जाऊन विसावल्या होत्या. नववी ब नं टाळ्या वाजवल्या. तेलात गोळी बुडते, एवढा निष्कर्ष मात्र पक्का निघाला.

शेवटी आप्पांनीच प्रश्न सोडवला. एका शनिवारी ते सोसायटीतून तेलाचा मोठा डबा घेऊन आले. डब्यावर सूर्योदयाकडं निघालेला ट्रॅक्टर. सोसायटी फक्त सभासदाला देते आणि वहीत वाहनाचा प्रकार लिहावा लागतो, म्हणून आप्पांनी लिहिलं, 'ट्रॅक्टर'. त्या दिवसापासून कवठे येमाईच्या दप्तरी आमची गाडी ट्रॅक्टर आहे. "लागंल तेवढं घाला, उरंल ते मला परत द्या," आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की सत्यजीत सरांनीसुद्धा बाहेरच्या देशांचं नाव काढलं नाही.

"फिल्टर मात्र ओरिजनल घ्या हं, सर," लुबना मॅडम म्हणाल्या. या सगळ्या प्रकरणात त्यांनी मागितलेली एवढी एकच गोष्ट.

मी मान डोलावली. त्याच संध्याकाळी एका लग्नाहून परत येताना मला हायवेच्या कडेला ताडपत्रीखाली सुटे भाग मांडलेला एक माणूस दिसला. त्याच्याकडं आमच्या गाडीचा फिल्टर होता. निळा, चकचकीत, खोक्यासकट.

"ओरिजनल आहे का?"

"साब, डिट्टो ओरिजनल."

घरी आल्यावर मी तिघांनाही फोन करून सांगितलं, "ओरिजनल मिळाला." एक शब्द तेवढा गाळला. भाषेच्या शिक्षकाला संक्षेपाची सवय असते.

रविवारी सकाळी मी स्वतः तेल बदलायला घेतलं. गॅरेजवाल्याकडं न्यायला हरकत नव्हती, पण व्हिडिओत एक बारा वर्षांची मुलगी हे काम करताना बघितल्यावर माझा नाइलाज झाला. पुढची दोन चाकं ओट्याच्या उतारावर चढवली, मागं दगड लावले आणि खाली शिरलो. जुना फिल्टर हातानं हलेना. फडकं लावलं, बेल्ट लावला, लोणच्याच्या बरणीचं झाकण काढायचं रबर लावलं. शेवटी पेचकस आरपार ठोकून त्याला फिरवला तेव्हा तो निघाला, आणि आतलं तेल माझ्या बाहीतून काखेपर्यंत पाहुण्यासारखं आत आलं. अनुपमा दारात उभी राहून म्हणाली, "आत गेलात तेव्हा बनियन पांढरा होता." एवढंच म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की वाक्यं लहान होतात.

पण तेल भरलं, फिल्टर बसवला, गळती नाही. मला इतकं भरून आलं की मी हात न धुता शेजाऱ्यांना बोलावून आणलं.

राहिलं काळं तेल. साडेतीन लिटर, जुन्या कॅनमध्ये. सोमवारी सकाळी घंटागाडी आल्यावर मी कॅन घेऊन धावलो. घंटागाडीवरच्या धुरपदाबाईंनी विचारलं, "ओला का सुका?"

"तेल आहे."

"ते दिसतंय. ओला का सुका?"

मी विचार करून 'ओला' म्हणालो. "ओल्यात भाजीपाला येतो," त्या म्हणाल्या. मी 'सुका' म्हणालो. त्यांनी कॅन हलवून दाखवला. आत तेल डुचमळलं. मग धोकादायक कचऱ्याचा वेगळा डबा असतो असं मी कुठंतरी वाचलेलं सांगितलं. त्या म्हणाल्या, तो डबा आहे, पण त्यात फक्त ट्यूबलाइट टाकायच्या असं वरून सांगितलंय, तुम्ही अर्ज द्या. मी अर्ज लिहिला. माझे अर्ज चांगले असतात. पोहोच मिळाली, पण तेल घरातच राहिलं. चार दिवसांनी गल्लीच्या टोकाला चाललेल्या बांधकामावरच्या एका सेंटरिंगवाल्यानं पत्र्यांना सिमेंट चिकटू नये म्हणून लावायला ते आनंदानं नेलं आणि वर मला धन्यवाद दिले. त्या आठवड्यात मला मिळालेले ते एकमेव धन्यवाद.

कारण त्याच सोमवारी सकाळी, चौघं गाडीत बसल्यावर, मी किल्ली फिरवली आणि इंजिनातून आवाज आला. खडखडखडखड. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा. समोर तेलाचा लाल दिवा असतो. गाडी सुरू झाली की तो लगेच विझायला हवा, तो तसाच जळत राहिला. मग काही वेळानं दिवा विझला, आवाज थांबला आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली.

"हे काय होतं?" सत्यजीत सर.

कुणी काही बोलायच्या आत मी बोललो. आता आठवलं की मला माझीच लाज वाटते. मी म्हणालो, "ट्रॅक्टर बोलला."

सत्यजीत सर हसले. मीही हसलो. आप्पांनी काचेतून बाहेर बघितलं. त्या दिवशी न्हावऱ्यात त्यांनी कुणालाच हात केला नाही. परत येताना लुबना मॅडमच्या पायाशी तो उरलेल्या तेलाचा डबा होता. त्यांना दिसेल ते वाचायची सवय आहे, औषधाच्या चिठ्ठ्यासुद्धा त्या पूर्ण वाचतात. त्यांनी डब्याची मागची बाजू वाचली, मोबाईलवर फोटो काढला आणि शिरूरला तो आप्पांच्या हातात दिला.

मंगळवारी तोच आवाज. बुधवारी तोच. शाळेत नववी ब ची पोरं आप्पा दिसले की तोंडानं ट्रॅक्टर सुरू करायला लागली. ही बातमी वर्गात मी नेली नव्हती, पण मी स्टाफरूममध्ये ती दोनदा सांगितली होती आणि स्टाफरूमची खिडकी नववी ब कडं उघडते. सत्यजीत सर म्हणत होते, ते तेल काढून टाका, नाहीतर इंजिन बसेल. इंजिन बसलं तर आमची गाडी संपली, कारण नवं इंजिन टाकावं इतकी तिची किंमतच उरली नव्हती. आणि गाडी संपली तर चौघांचं एकत्र जाणंही संपलं. दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. आमच्या शाळेत केंद्र होतं.

गुरुवारी गाडीत बसायच्या नेहमीच्या कोपऱ्यावर आप्पा आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "मी एसटीनं निघालोय. तुमचं चालू द्या." शिरूरहून एसटीनं म्हणजे एकदा बदलून दोन तास, तेही उभं राहून. साठीच्या घरात आलेला माणूस. पुढची सीट रिकामी राहिली. सत्यजीत सर तिथं बसायला तयार नव्हते, मीही 'बसा' म्हणालो नाही.

मला एक गोष्ट माहीत होती जी बाकी कुणाला माहीत नव्हती. फिल्टर डिट्टो होता. पण फिल्टरनं आवाज कसा येईल? निळ्या डब्यात तो गप्प बसलेला असतो. आवाज इंजिनाचा, इंजिनात तेल, तेल आप्पांचं. मी स्वतःला असं रोज समजावत होतो आणि मला ते रोज थोडं कमी पटत होतं.

"तेल काढायची घाई नको," लुबना मॅडम म्हणाल्या. "मला आठ दिवस द्या."

"तुम्हाला गाड्यांमधलं कळतं, मॅडम?" सत्यजीत सरांनी विचारलं.

"अजिबात नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वही काढली. किल्ली फिरवली की त्या दोन सीटांच्या मधून दिव्याकडं बघायच्या आणि मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायच्या. मग लिहायच्या. सकाळी शिरूरला, संध्याकाळी शाळेत. केडगावला चहाला थांबलो की तिथंही. एका दुपारी त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत, टळटळीत उन्हात, विनाकारण गाडी सुरू करायला लावली. पोरं बघत होती. मी विचारलं, "हे कशासाठी?" त्या म्हणाल्या, "ऊन आहे म्हणून." गणिताच्या माणसांना जास्त विचारायची सोय नसते.

आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. सत्यजीत सरांची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. रिकाम्या वर्गात त्यांनी वही उघडली. सरळ रेघांचा तक्ता. तारीख, वेळ, गाडी किती वेळ उभी होती, हवा गार की गरम, दिवा किती सेकंद.

"हे बघा. रात्रभर उभी राहिली की सात सेकंद. रोज सात, एकदा आठ. शाळेत दिवसभर उभी राहिली की पाच-सहा. चहाला दहा मिनिटं थांबलो तर शून्य."

"म्हणजे गार पडली की," मी म्हणालो. "तेल जाड आहे, ते गारठ्यात घट्ट होतं."

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून उन्हात बघितलं. त्या दिवशी गाडीच्या पत्र्याला हात लाववत नव्हता, तरी पाच सेकंद होते. गारठ्याशी संबंध नाही, सर. उभं राहण्याशी आहे. गाडी उभी राहिली की वर गेलेलं तेल कुठून तरी खाली उतरतंय, आणि सकाळी ते परत वर चढेपर्यंत सात सेकंद जातात. तेल कुठलंही असलं तरी उतरेल. त्याला वर धरून ठेवणारं काहीतरी नाहीये." त्यांनी पान उलटलं. "आणि कंपनीच्या साइटवर जुनी पुस्तकं आहेत. आपल्या गाडीचंही आहे. आपल्याकडच्या हवेला जे आकडे चालतात असं त्यात छापलंय, तेच आप्पांच्या डब्यावर आहेत. मागं बारीक अक्षरात पेट्रोल इंजिनालाही चालतं असं लिहिलंय. तेल बरोबर आहे."

मी आयुष्यात बरीच व्याख्यानं ऐकली, काही दिलीही. पण आठ दिवस तोंड मिटून, कुणालाही दोष न देता, मागच्या सीटवरून नुसतं मोजत बसून या बाईंनी जे केलं होतं, त्यासमोर आमच्या तिघांच्या नऊ वर्षांच्या बडबडीचं वजन त्या बेअरिंगच्या गोळीएवढंही नव्हतं.

"यवतला चांदभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता गेलो तर उघडं असेल."

चांदभाई म्हणजे पांढरी दाढी, चष्मा कपाळावर. लुबना मॅडमनी त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, चष्मा खाली घेऊन परत वाचला आणि दुकानातल्या माणसाला बॉनेट उघडायला सांगितलं. मग आतून आमच्या गाडीचा नवा फिल्टर आणून त्याची खालची बाजू आमच्यासमोर धरली.

"ही बारीक भोकं दिसतात? आत बघा, रबराची चकती हाय. तुमच्या गाडीत फिल्टर आडवा बसतो. गाडी थांबली की तेल परत खाली वघळाया बघतं. ही चकती त्याला आडवते." तेवढ्यात त्यांच्या माणसानं माझा निळा फिल्टर काढून आणला. चांदभाईंनी तो पालथा करून तेल निथळवलं, भोकांतून काडी घातली. काडी सरळ आत गेली. "यात चकतीच न्हाई. नुसता डबा हाय." त्यांनी वर बघितलं. "कुणी घेतला हा?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. हायवेवरून ट्रक चालले होते. लुबना मॅडम माझ्याकडं बघत नव्हत्या, त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

"मी," मी म्हणालो. "रस्त्यावरून. ओरिजनल नाही हे मला माहीत होतं."

चांदभाईंनी फिल्टरचं खोकं मागितलं, ते गाडीच्या डिकीतच पडलं होतं, आणि माझ्यापुढं धरलं. त्यावर इंग्रजीत 'जेन्युइन पार्ट्स' छापलं होतं, आणि 'जेन्युइन'मधली दोन अक्षरं उलटसुलट पडली होती. सत्तावीस वर्षं पोरांच्या वेलांट्या सुधारणारा माणूस मी.

"तुम्ही हे बघितलं होतं?" मी मॅडमना विचारलं.

"पहिल्या सोमवारी. पिशवी ठेवायला डिकी उघडली तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"स्पेलिंग चुकलं म्हणून फिल्टर खराब, असं सिद्ध होत नाही ना, सर. आधी मोजायला हवं होतं." मग त्या म्हणाल्या, "आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल."

मी ते खोकं चपटं करून खिशात घातलं.

चांदभाईंनी नवा फिल्टर बसवून दिला. जुन्याबरोबर पाव-अर्धा लिटर तेल गेलं होतं, तेवढं वरून घालायचं होतं. "आत जे हाय तेच घाला. दोन तेलांची खिचडी करू नका. तुमचं तेल माझ्याकडं नसतं."

"आप्पांकडे आहे," लुबना मॅडम म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी एसटीनं कवठे येमाईला गेलो. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवली होती, त्यांना चांगली सुरुवात होती आणि शेवटही. पण आप्पांच्या शेतात कांदाकाढणी चालू होती. दहा-बारा बाया ओळीनं बसल्या होत्या आणि आप्पा बांधावर उभे होते. त्यांनी मला बघून 'या' म्हटलं नाही, 'बसा' म्हटलं नाही. मी सगळी वाक्यं विसरलो.

"आप्पा, आवाज तुमच्या तेलाचा नव्हता. फिल्टर बनावट होता, तो मी आणला होता, आणि तुम्हाला ओरिजनल म्हणून सांगितलं होतं."

बायांचे विळे थांबले. आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"तेलाचं मला काय न्हाई, गुर्जी," ते म्हणाले. "मशिनरीत मागंपुढं व्हतं. पन तुमी 'ट्रॅक्टर बोलला' म्हणालात आन् समदे हसले. मॅडम तेवढ्या हसल्या न्हाईत. मी काचंत बघत व्हतो." त्यांनी एका बाईला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं. "माझी बत्तीस वर्सं नोकरी झाली. पोरं माझ्यामागं फुर्रफुर्र करतात. ह्ये बरं न्हाई वाटत."

"नाही वाटत," मी म्हणालो. "मी वर्गात जाऊन सांगतो. नववी ब ला. सगळ्यांसमोर."

"काय सांगताल?"

"हेच. मी चुकलो ते."

आप्पा शेडमध्ये गेले, तेलाचा डबा आणला आणि माझ्या हातात न देता स्वतःच्या काखेत धरला. "चला. मीच येतो. तुमच्या हातानं घातलं तर अजून कायतरी व्हईल."

सोमवारी नववी ब मध्ये मी पाच मिनिटं उभा राहून सगळं सांगितलं. पोरं हसली, पण या वेळी माझ्यावर, आणि आप्पा व्हरांड्यातून ऐकत होते. त्याआधी सकाळी शिरूरला चौघं गाडीत बसलो होतो. किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि मी श्वास घ्यायच्या आत विझला. खडखड नाही. मागून घड्याळाकडं बघून लुबना मॅडमनी काहीतरी लिहिलं. सत्यजीत सर वहीत डोकावून म्हणाले, "मॅडम, हा प्रयोग मी करायला पाहिजे होता." मी त्यांच्या तोंडून असं वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. न्हावऱ्यात आप्पांनी पाच जणांना हात केला, त्यांतले दोन त्यांना ओळखतही नव्हते. आणि न्हावऱ्याच्या पुढं आम्ही तिघं गप्प बसलो, म्हणून लुबना मॅडम बोलल्या, चौफुल्यापर्यंत. त्या इतक्या गमतीदार बोलतात हे नऊ वर्षांत आम्हाला माहीत नव्हतं.

आप्पांनी त्या तक्त्याचं पान मागून घेतलं. मॅडमनी खाली दोन ओळींचा निष्कर्ष लिहून दिला. परीक्षा संपल्यावर मी एकदा कामासाठी कवठे येमाईला गेलो, तर ते पान सोसायटीच्या दुकानात तेलाच्या डब्यांच्या वर लॅमिनेट करून लावलेलं. पहिली ओळ, 'तेल योग्य आहे.' दुसरी ओळ, 'दोष श्री. म. दसगुडे यांनी आणलेल्या फिल्टरमध्ये आढळला.' तेल घ्यायला आलेला एक शेतकरी माझ्याकडं बघून दुसऱ्याला म्हणाला, "ह्येच का फिल्टरवालं गुर्जी?"

दुसऱ्या दिवशी गाडीत मी आप्पांना म्हणालो, निदान ती दुसरी ओळ तरी झाकून टाका. आप्पा म्हणाले, "ज्यांनी लिवलंय त्यांना विचारा." मी आरशातून मागं बघितलं.

लुबना मॅडमनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि अगदी मनापासून विचारलं, "सर, त्यात चुकीचं काय लिहिलंय?"

मी पारगावच्या पुलापर्यंत शोधलं. काही सापडलं नाही.